शेपटीवरची शेवटची रेघ

मे १९८०

प्रिय ओनो,

तू पाठवलेलं थडग्याच्या दगडाचं चित्र परवा पोचलं. पाथरवटाला होकार कळवला नसशील तर कळवू नकोस. कळवला असशील तर आधी त्याला फोन करून छिन्नी खाली ठेवायला सांग आणि मगच हे पत्र वाचायला बस. फोनवरही सांगता आलं असतं मला, पण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस आणि मग माझं मुख्य सांगायचं तेच राहून जातं. लहानपणापासूनची खोड आहे तुझी. पत्रात निदान तुला मध्ये बोलता येणार नाही.

चित्र सुरेख आहे, त्यात वाद नाही. वर फोल्कमारचं नाव, दोन सालं, खाली त्याच्या विमानाची शेपटी आणि शेपटीवर पंचाहत्तर रेघा, पाडलेल्या प्रत्येक विमानाची एक. शेजारी हार्मसाठीही नवा दगड, जरा बुटका, आणि त्यावर 'त्याच्या विजयांचा साक्षीदार'. तू लिहिलंयस की जन्म देणारे वडील आणि वाढवणारे बाबा असे शेजारी शेजारी दिसले की तुझ्या जिवाला बरं वाटेल. बाळा, तुझा जीव त्यात किती गुंतलाय ते मला कळतं. तरीही सांगते, तो आकडा नको. का नको ते मला माझ्या चालीने सांगू दे.

इकडे बटाटे लावून झाले. गुडघे बोलतात, पण झाले. गेल्या आठवड्यात बर्टोल्ड येऊन गेला. फोल्कमार नसला म्हणून काय झालं, त्याच्या वाढदिवसाला यायचं म्हणजे यायचंच, असं म्हणाला आणि एवढी मोठी, धुरी दिलेली वाम मासळी घेऊन आला. बिचारा आता काठी टेकत चालतो. युद्धात फोल्कमारचं विमान तो सांभाळायचा, इंजिन त्याच्या हातचं, रंग त्याच्या हातचा. जुन्या वैमानिकांच्या मंडळातले दोघे तिघे चहाला आले होते, त्यांच्यापुढे त्याने पुन्हा तीच गोष्ट लावली. तुला पाठ आहे ती. त्याच्या गोष्टीतली शत्रूची, अमेरिकनांची विमानं दरवर्षी वाढतात, यंदा तर आभाळात जागा उरली नव्हती. मी चहा ओतत होते. शेवटी तो नेहमीच्या जागी आला, म्हणजे शेवटच्या रेघेपाशी. सगळे कसे डोळे मोठे करून ऐकत होते. मी किटली घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले, ऐकू येऊ नये म्हणून.

त्या गोष्टीचा फोटो तुझ्या अभ्यासिकेत टेबलासमोर आहे. विमानाची शेपटी, बर्टोल्डच्या हातात कुंचला, शेवटची रेघ ओली आहे, आणि फोल्कमार कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघतोय. त्या काळी या फोटोची पोस्टकार्डं निघाली होती. पोरं शाळेत त्यांची अदलाबदल करायची. पुस्तकांत त्याच्याखाली छापतात की एवढा मोठा वीर, पण किती संकोची. तूही शाळेत असताना तसंच लिहिलं होतंस निबंधात. फोल्कमारने तो वाचला, घडी घातली आणि कुत्र्याला घेऊन बाहेर गेला. तुला वाटलं, निबंध आवडला नाही. दोन दिवस तू रुसून बसला होतास.

आता जरा मागे जाते. तुझ्या आजोबांचं शेत विमानतळाच्या कुंपणाला लागून होतं, हे तुला माहीत आहे. हार्म आमच्याकडे दूध न्यायला यायचा आणि दुधाला नको तितका वेळ लावायचा. मग आमचं लग्न झालं. हार्म फोल्कमारचा जोडीदार होता. जोडीदाराने स्वतः विमानं पाडायची नसतात, त्याने पुढच्याच्या पाठीमागे राहायचं, मागून कुणी येत नाही ना ते बघायचं. दुसरं काम साक्षीचं. कुणीतरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय विमान पाडलेलं मोजत नसत. हार्म सांगायचा, हो, मी बघितलं, पेटलं आणि पडलं. मग रेघ. म्हणून फोल्कमार त्याला चिडवायचा की लेका, तू आंधळा झालास तर माझी नोकरी जाईल. आणि हार्म म्हणायचा, मी आंधळा झालो तर तुझा जीव जाईल, नोकरीचं काय घेऊन बसलास. आमच्या स्वयंपाकघरात बसून दोघे असे हसायचे की माझी आई त्यांना बाहेर काढायची.

आणि आमची एक रीत होती. कुणी विमान पाडलं की उतरायच्या आधी तो मैदानावरून खालून जायचा आणि पंख हलवायचा, डावा उजवा, डावा उजवा. जितकी पाडली तितक्या वेळा. आवाज आला की आम्ही बायका हातातलं काम टाकून अंगणात यायचो आणि हाताला येईल ते हलवायचो. रुमाल, एप्रन, काहीही. मी तर कितीदा हलवलं असेल. त्यात कुणी मेलं असेल, त्याचीही बायको कुठेतरी कपडे वाळत घालत असेल, असा विचार तेव्हा मनात आला असं मी तुला खोटं सांगणार नाही. माझं माणूस परत आलं, एवढंच मला दिसायचं. फोल्कमारच्या मागे उजव्या हाताला हार्मचं विमान यायचं. ते मोजलं की मी पुन्हा कामाला लागायचे.

त्या दिवशी धुकं होतं. एप्रिल होता, तू पोटात होतास आणि मी चादरी वाळत घालत होते. विमान आलं, पंख हलले. मी दोरीवरची चादर ओढली आणि दोन्ही हातांनी हलवली. चांगली मोठी पांढरी चादर होती, वरून दिसली असणार. मग मी हार्मची वाट बघत उभी राहिले. हात दुखायला लागले तरी चादर खाली ठेवली नाही. आईने येऊन ती माझ्या हातातून काढून घेतली.

हार्म बेपत्ता, एवढंच सांगितलं आम्हाला. त्याच दुपारी, बर्टोल्ड सांगतो तसं, फोल्कमार म्हणाला की ही रेघ काढू नका, माझ्याकडे साक्षीदार नाही. पण दुसऱ्या तुकडीतल्या कुणीतरी लांबून एक विमान दलदलीच्या बाजूला ढगात पडताना पाहिलं होतं. वरिष्ठांना तेवढी साक्ष पुरली. पंचाहत्तर झाली की मोठं पदक मिळायचं होतं, फोटोवाला वाटेवर होता. बर्टोल्डने रेघ ओढली. ते पदक कुठल्या हुकूमशहाच्या हातून गळ्यात पडलं, ते आपल्या घरात कधी कुणी बोललं नाही, आणि ते बरंच म्हणायचं. 'हक्काची रेघसुद्धा नको म्हणणारा माणूस' असं म्हणून बर्टोल्ड त्या जागी दरवर्षी डोळे पुसतो. त्याला खरंच तसं वाटतं. त्याला यातलं काही कळू देऊ नकोस, म्हातारा मोडून पडेल.

युद्ध संपलं. कैदेतून सुटल्यावर फोल्कमार आमच्या दारात उभा राहिला. तू मला चिकटून उभा होतास आणि तो मला न बघता तुला बघत होता. त्याचं गाव तिकडे रशियनांकडे गेलेलं, कुणी उरलं नव्हतं. आजोबांनी त्याला गोठ्यावरची खोली दिली. सरपण फोडायचा, गाई धुवायचा, तुझे बूट शिवायचा. वीर समजून भेटायला येणाऱ्यांना तो बटाटे सोलत बसलेला दिसायचा. लोक म्हणायचे, मित्राच्या बायकोपोरासाठी काय करतोय बघा. मला त्याची दया आली, मग सवय झाली, मग एक दिवस तो तापाने पडला तेव्हा माझा जीव खालीवर व्हायला लागला आणि मला कळलं की आता ही नुसती सवय राहिलेली नाही. तू त्याला काका म्हणायचास. ज्या दिवशी आपणहून बाबा म्हणालास त्या दिवशी तो जेवला नाही. मला वाटलं, आनंदाने.

रविवारचं आठवतं ना? पाऊस असो, बर्फ असो, दुपारी तो कुत्र्याला घेऊन दलदलीवर जायचा आणि तू बरोबर. घरी येऊन तू मला सांगायचास की बाबांना जळणासाठी कुठे नवी माती कापलीय ते बरोबर कळतं, तिथे ते काठीने खुपसून बघतात. तुला वाटायचं, ते पाणपक्ष्यांची घरटी शोधतात. मलाही तेच सांगितलं होतं. युद्धातल्या वस्तू जमवणारी संग्राहक मंडळी घरी येत, सह्या मागत, टेपरेकॉर्डर लावत आणि हमखास विचारत, शेवटच्या विजयाबद्दल काही सांगा. तो आपला चमचा हळूच कपात ठेवायचा. बाहेरच्यांना ही रीत कुठली ठाऊक असायला. पण आपल्याकडे कपात चमचा म्हणजे पुरे, आता ओतू नका. मी लगेच उठून पाहुण्यांचे कोट आणायचे. नवराबायकोची अशी काहीतरी खूण असते आणि बाईला तिचा अभिमान वाटतो. मलाही वाटायचा.

गेल्या शरद ऋतूत माती कापायच्या यंत्राला विमान लागलं आणि तुझे वडील सापडले. तू आलास. त्या काळ्या मातीने त्याचा हातमोजासुद्धा जपून ठेवला होता, आणि आत अंगठी. तू किती रडलास तेव्हा. फोल्कमारने तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मी ते बघितलं आणि देवाचे आभार मानले की माझ्या मुलाला हा माणूस मिळाला. तू म्हणालास, अमेरिकनांनी मारलं, निदान झटकन मारलं असेल. फोल्कमारने खांद्यावरचा हात काढून घेतला. पुरल्यावर तो थडग्यापाशी ताठ उभा राहिला, इतका वेळ की पाद्रीबाबांनी त्याला हाताला धरून आणलं.

तू गाडीत बसून गेल्यावर मी चहा केला. खडीसाखर कपात टाकली, चहा ओतला, साय सोडली. त्याने कपाला हात लावला नाही. म्हणाला, "तोमा, अमेरिकन गोळीचं भोक अंगठ्याएवढं असतं. मी ते विमान नीट बघितलं. त्याच्यावरची भोकं मुठीएवढी आहेत." मला काही कळलं नाही. भोकाचं काय घेऊन बसलाय हा, असं वाटलं. मग तो म्हणाला, "तसल्या गोळ्या फक्त आमच्याकडे होत्या."

मग त्याने सगळं सांगितलं, खाली टेबलक्लॉथकडे बघत. ढगात शिरताना हार्म मागे होता. फोल्कमार ढगातून बाहेर आला तेव्हा हार्म मागे नव्हता. रेडिओवर हाक मारली, उत्तर नाही. तेवढ्यात भलत्याच बाजूने, डावीकडून, धुक्यातून एक विमान त्याच्याकडे वळताना दिसलं. धुक्यात अमेरिकन मस्टँग आणि आपलं विमान यांत फरक करणं कठीण, डोळ्याची पापणी लवेपर्यंत ठरवावं लागतं. हार्म आपली जागा सोडून तिकडे जाईल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याने गोळ्या झाडल्या. ते पेटलं आणि पडलं. परत येताना तो खूश होता. पंख हलवले. उतरला आणि वळून बघितलं तर मागे कुणी नाही. "तेव्हाच शंका आली," म्हणाला. "पण खात्री नव्हती. मी म्हणायचो, तो अमेरिकनच होता. त्याचं विमान तिथेच कुठेतरी मातीत असेल. ते एकदा सापडलं असतं तर मी सुटलो असतो."

ओनो, रविवारी तुझा हात धरून तो ते शोधत होता. इतकी वर्षं. घरटी नव्हे, एक अमेरिकन विमान.

मी त्याला एकच विचारलं. तू माझ्याशी लग्न केलंस ते हार्मचं देणं फेडायला का. त्याने टेबलक्लॉथची सुरकुती हाताने सपाट केली. मग म्हणाला, "आधी हार्मसाठी येत होतो. तुझ्यासाठी कधी यायला लागलो ते मला सांगता येणार नाही. पण मी तुझ्यासाठीच राहिलो." मी माझा चमचा माझ्या कपात ठेवला आणि उठून गोठ्यात गेले. गाय धार काढू देईना.

त्यानंतर आम्ही चार महिने एका घरात राहिलो. मी त्याला जेवायला वाढलं, त्याचं अंथरूण घातलं, जानेवारीत त्याची छाती भरली तेव्हा त्याला शेक दिला. पण त्या विषयावर बोलले नाही. त्याने एक दोनदा माझ्याकडे बघितलं आणि मी दुसरीकडे बघितलं. माझ्या मनात एका क्षणी त्याचा गळा दाबावा असं येई आणि दुसऱ्या क्षणी त्याला कुशीत घ्यावं असं येई, आणि दोन्ही होत नसे. शेवटच्या आठवड्यात तो एवढंच म्हणाला, "ओनोला तू सांग. माझ्याच्याने होणार नाही." मी मान हलवली. त्याने माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला नाही. बस, एवढंच काय ते आमचं बोलणं झालं. तो गेला आणि मी इतकी रडले की मला माझीच लाज वाटली, हार्मसमोर.

तू हार्मच्या शेजारची जागा घेऊन टाकली होतीस. मी तोंड उघडायच्या आत सगळं ठरलं होतं, आणि खरं सांगू, मला ते चुकीचंही वाटलं नाही. मी रोज संध्याकाळी जाते. एकाच झारीने दोघांना पाणी घालते. कधी फोल्कमारवर राग येतो आणि त्याच्या फुलांना कमी पाणी घालते, मग घरापर्यंत येऊन परत फिरते. ते दोघे तिथे पडून काय बोलत असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. मला वाटतं, हार्म त्याला कधीच माफ करून मोकळा झाला असेल, त्याचा स्वभावच तसा होता. मला जमत नाहीये अजून.

तुला हे वाचून काय होईल ते मला माहीत आहे, कारण मला झालं आहे. तुला वाटेल की बाबा खोटे होते. तसं वाटून घेऊ नकोस. ज्याने तुला सायकल शिकवली, तुझे बूट शिवले, गोवर निघाला तेव्हा जो रात्रंदिवस उशाशी बसला, तो माणूस खरा होता. ज्याने तुझे वडील मारले तोही तोच. मी दोन्ही एकत्र धरायला शिकतेय, आणि या वयात काही लवकर शिकता येत नाही. तुझा तो फोटो भिंतीवर ठेव की काढ, ते तू ठरव. फक्त आता बघशील तेव्हा त्याचे डोळे बघ. तो कुंपणाच्या बाजूला बघतोय. तिकडे आमचं अंगण होतं.

तर आता दगडाचं. फोल्कमारचं नाव आणि दोन सालं, बस. हार्मचं नाव आणि दोन सालं. शेपटी नको, रेघा नकोत, साक्षीदार वगैरे काही नको. ज्या आकड्यात हार्म स्वतः मोजला गेला आहे तो आकडा हार्मच्या उशाशी मी कोरू देणार नाही. आणि चुकूनसुद्धा चौऱ्याहत्तर कोरू नकोस, उरलेल्या सगळ्या रेघासुद्धा कुणाकुणाचे हार्मच होते.

पण त्यासाठी मी एवढं लांबलचक लिहिलं नसतं, तुला नुसतं रागावून थांबवलं असतं. बर्टोल्ड निघताना दारात मला म्हणाला की तुम्हाला गंमत सांगतो, ओनोने गुपित ठेवायला सांगितलंय. दगड बसवायच्या दिवशी तू मंडळाचं जुनं विमान बोलावलं आहेस. ते दफनभूमीवरून खालून जाणार आणि पंख हलवणार, डावा उजवा, डावा उजवा, साहेबांना शेवटची सलामी. सगळे वर बघतील आणि हात हलवतील. ओनो, मी त्या दोघांच्या मध्ये उभी असेन. आवाज आला की माझा हात आपोआप वर जातो रे, अजूनही जातो, स्वयंपाकघरात असले तरी जातो. हार्म पडला तेव्हा मी चादर हलवली होती. ते विमान तेवढं येऊ देऊ नकोस.

तुझीच,
आई